प्राजक्ताची पोर्तुगीज पुस्तकात नोंद करणारे डॉक्टर : गार्सिया द ओर्ता

नवी मुंबईच्या रो-हाऊसपासून उरण-पनवेलच्या गावांपर्यंत दारात प्राजक्त असतोच. पावसाळा सरता सरता पहाटे अंगणात सडा पडतो. याच झाडाची साडेचारशे वर्षांपूर्वी पुस्तकात नोंद करणारे डॉक्टर होते गार्सिया द ओर्ता.

पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीद या गावी १५०१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पुढे पोर्तुगालनेही ज्यूंना जबरीने ख्रिस्ती केले. ओर्ता स्पेनमध्ये वैद्यक शिकले, लिस्बनला शिकवू लागले. पण घराण्यावर संशयाची नजर कायमच होती. १५३४ मध्ये ते जहाजाने गोव्याला आले आणि परत कधी गेलेच नाहीत.

गोव्यात त्यांचा जम बसला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यांनी उपचार केले. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांना भाडेपट्ट्याने मिळाले. आजच्या फोर्ट भागात, टाऊन हॉलच्या मागे त्यांचे घर आणि बाग होती असे मानतात. आपल्या उरण तालुक्यातल्या घारापुरीच्या लेण्यांबद्दलही त्यांनी लिहून ठेवलंय.

त्यांची एक सवय मोठी होती. जुन्या ग्रंथात लिहिलंय म्हणून ते काही मानत नसत. हिंदू वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारायचे, झाडपाला हातात घेऊन बघायचे. या चौकशीतून १५६३ मध्ये गोव्यात त्यांचे पुस्तक छापले गेले. दोन डॉक्टरांच्या गप्पांच्या रूपात ५९ प्रकरणे. तेही पंडितांच्या लॅटिनमध्ये नाही, साध्या पोर्तुगीजमध्ये.

त्यातले एक प्रकरण प्राजक्ताचे. झाड रात्री फुलते, सूर्य उगवला की फुले गाळते, हे त्यांनी नोंदवले. केशरी देठाने लोक जेवणाला केशरासारखा रंग देतात हेही लिहिले. आणि इथल्या लोकांची एक कथाही दिली. एका राजकन्येचे सूर्यावर प्रेम जडले, सूर्याने तिला सोडले, तिने जीव दिला. तिच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून ते उजेडात फुलत नाही.

पुढे ओर्तांच्या वाट्यालाही राखच आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे कोर्ट आले. १५६८ मध्ये ओर्ता वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. एवढ्यावर भागले नाही. १५८० मध्ये ओर्तांची हाडे कबरीतून उकरून जाळली.

पुस्तक मात्र वाचले. १५६७ मध्येच युरोपात त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद निघाला होता, त्यातून आपल्याकडची झाडे आणि औषधे दूरवर माहीत झाली. आज पणजीच्या बागेला त्यांचेच नाव आहे.

ओर्तांची बघून ठरवायची रीत दारच्या प्राजक्तालाही लागू पडते. थंडी संपता संपता हे झाड पाने गाळू लागते, उन्हाळ्यात नुसत्या काड्या दिसतात. झाड मेलं समजून कित्येक जण ते तोडतात, नाहीतर पाणी ओतून मुळे कुजवतात. आधी नखाने फांदीची साल जरा खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, विश्रांती घेतंय.

छाटणी फुले संपल्यावर, नवी फूट यायच्या आधी करावी, कारण फुले नव्या फांद्यांवर येतात. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघावी. नवी मुंबईतल्या भरावाच्या जमिनीत पाणी साचते, तिथे उंचवटा करून लावावे. विश्रांतीच्या काळात पाणी बेताचेच द्यावे. नवी पालवी दिसली की मुळाशी शेणखत घालावे. पावसाळ्यात बी किंवा फांदी लावून नवे रोप होते. चपट्या फळात दोन बिया असतात, फळ वाळून तपकिरी झाले की त्या काढाव्यात.

ओर्तांची कबर आज दाखवता येत नाही. त्यांनी लिहिलेला प्राजक्त मात्र दारोदारी रात्री फुलतो आणि सकाळी अंगण भरून टाकतो.