आनंदीबाईंना विचारायला कुणी नव्हतं, आपल्याला आहे

पाळी चुकली की बाईच्या मनात आधी आनंद येतो की भीती, हे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून असतं. पण एक गोष्ट बहुतेक घरांत सारखीच. ‘तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते.’ मैत्रिणींनो, या न सांगण्याची गोष्ट निघाली की मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात.

‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ एवढं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण डॉक्टर होण्याआधी त्या एक पोटुशी मुलगी होत्या, अवघ्या तेरा-चौदा वर्षांची. ते पुस्तकात एका ओळीत उरकलं जातं.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जोशी कुटुंबात यमुनेचा जन्म झाला. कल्याण म्हणजे आपल्या कर्जतहून लोकलनं तासाभराचं अंतर. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, तिचं लग्न गोपाळराव जोशींशी झालं. ते बिजवर आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. त्यातली एक बदली अलिबागची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. बायकोनं शिकलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. पाटीवरचं अक्षर चुकलं तर मार बसे, हेही खरं. आज वाचताना त्यांचं कौतुक करावं की त्यांच्यावर रागवावं, हेच कळत नाही.

अशात आनंदीला दिवस गेले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. आजूबाजूला बायका पुष्कळ असतील, पण तपासून सांगणारी बाई-डॉक्टर नव्हती, आणि परक्या पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायची रीत नव्हती. लाज आणि अज्ञान, दोन्ही मिळून किती घरांतले पाळणे रिकामे राहिले असतील!

दुसरी एखादी खचून गेली असती. या मुलीनं आपणच डॉक्टर व्हायचं ठरवलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूरला भरसभेत उभं राहून तिनं आपण अमेरिकेला का जातोय ते सांगितलं. हिंदुस्थानात बाई-डॉक्टरची किती गरज आहे, हाच तिच्या बोलण्याचा गाभा होता. वय अठराही पुरं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, घरचं कुणी सोबत नसताना, ती कलकत्त्याहून बोटीत बसली.

अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तिला घरच्यासारखं सांभाळलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. कडाक्याची थंडी, अंगावर लुगडं, जेवण शाकाहारी आणि ढासळत चाललेली तब्येत. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. पदवीदान पाहायला पंडिता रमाबाई हजर होत्या. आणि प्रबंधाचा विषय? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईनं दुसरा कुठला विषय निवडला असता?

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलनं स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. पण परत येईपर्यंत क्षयानं शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापुरातल्या एकाही गर्भार बाईची नाडी त्यांना हातात धरता आली नाही.

आता आपल्याकडे बघू. आनंदीला जे मिळालं नाही, ते आज वाडीवर फिरणाऱ्या आशाताईच्या पिशवीत असतं. पाळी चुकून आठवडा झाला की तिच्याकडून लघवी तपासायचं किट घ्या. सरकारी किट फुकट मिळतं. दिवस गेल्याचं कळलं की उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच नाव नोंदवा, बारा आठवड्यांच्या आत. माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल, ते जपून ठेवा. शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, सगळा हिशेब तिच्यावरूनच होतो. पहिल्या भेटीतच वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही आणि लघवीची तपासणी करून घ्या.

फॉलिक ॲसिडची गोळी तर त्याच दिवशी सुरू करावी. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतात, ती शेवटच्या पाळीपासून साधारण सहा आठवड्यांत मिटते. म्हणजे तीन महिने गुपित ठेवलं, तर गोळीची खरी वेळ निघूनच गेली! शेजारणीला सांगू नका हवं तर, पण आशाताईला आणि डॉक्टरांना सांगा.

डोकेदुखीची असो की आंबट ढेकरांची, कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. झाडपाल्याचं औषधही नको. घरात कुणी तंबाखू, मिश्री देत असेल तर हात जोडून नको म्हणा. रक्त गेलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे आणि चौकला ग्रामीण रुग्णालयं आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची खास मोफत तपासणी असते. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडीत विचारा.

ज्या वाडीतून रस्त्यापर्यंत उतरायलाच तास लागतो, तिथल्या सासूबाईंना माझं खास सांगणं आहे. सुनेचं वय कमी आहे म्हणून लोक काय म्हणतील, या भीतीनं तिला लपवू नका. कोवळ्या वयातलं बाळंतपणच जास्त धोक्याचं, म्हणून तिला तपासणीची गरजही जास्त. आणि हे मूल आत्ता नकोच असेल, तर तेही लवकर डॉक्टरांना सांगा. कायद्यानं सुरक्षित वाट आहे, लपूनछपून केलेल्या उपायांनी जीव जातो.

आनंदीबाईंचा फोटो बऱ्याच शाळांत लावलेला असतो. पुढच्या वेळी तो पाहाल तेव्हा पदवीच्या आधीची ती चौदा वर्षांची आईही आठवा, आणि घरात कुणाची पाळी चुकली असेल तर तिला आजच आशाताईकडे घेऊन जा.