जोसेफ बॅझलजेट: लंडनचे पाणी आणि मैला वेगळे करणारे इंजिनिअर

पाण्याला वास नाही, दिसायलाही स्वच्छ आहे, म्हणजे ते चांगलेच असणार, असे तुम्हाला वाटते का? मग जोसेफ बॅझलजेट यांच्याबद्दल जाणून घ्या. ते डॉक्टर नव्हते, तरी त्यांच्या कामामुळे असंख्य प्राण वाचले.

त्यांचा जन्म १८१९ चा. त्या काळी लंडनचा मैला थेम्स नदीत जाई आणि अनेक घरांत पिण्याचे पाणीही तिथूनच येई. कॉलऱ्याच्या साथींत हजारो माणसे दगावत. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवले. पण बहुतेक डॉक्टर दुर्गंधीलाच दोष देत.

१८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी संसदेत असह्य झाली आणि कामाला पैसा मिळाला. बॅझलजेट यांनी सुमारे १३२ किलोमीटर लांबीची मोठी भुयारी गटारे बांधली. नदीकडे जाणारा मैला त्यांत अडवून शहराच्या पूर्वेला नेला. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये. तिथली गटारे अजून पूर्ण झाली नव्हती आणि नळाच्या पाण्यात मैला मिसळला होता. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. रोगाचे कारण चुकीचे धरले होते, उपाय मात्र लागू पडला.

एक उणीव राहिली. मैला शुद्ध न करताच ओहोटीबरोबर नदीत सोडला जाई. शुद्धीकरणाची सुरुवात बरीच उशिरा झाली. बॅझलजेट १८९१ मध्ये वारले.

आज त्यातल्याच एका जागी, बेक्टनला, मोठे शुद्धीकरण केंद्र आहे. तिथे कचरा गाळतात, गाळ खाली बसू देतात, मग पाण्यात हवा सोडून जिवाणूंकडून उरलेली घाण कमी करतात. २०२२ मध्ये तिथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. लकवा झालेला एकही रुग्ण नसताना हा इशारा मिळाला आणि लंडनमधल्या १ ते ९ वर्षांच्या मुलांना लशीचा जादा डोस देण्यात आला. मुंबईतही २००१ पासून पोलिओसाठी सांडपाणी तपासले जाते.

तुमच्या घरासाठी यातून काय घ्यायचे? वासावर भरवसा ठेवू नका. जवळ गटार फुटले किंवा नळाला गढूळ पाणी आले, तर पाणी उकळून प्या आणि पालिकेला कळवा. भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब सुरू झाले, तर लगेच जलसंजीवनी द्या आणि रुग्णाला दवाखान्यात न्या. बाळाचे पोलिओचे डोस चुकवू नका.