खरखर ऐकणारा जॅन्स्की

पावसाळ्यात आमच्या घरी धारवाड केंद्र लावले की गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. वडील वैतागून रेडिओ बंद करीत. त्याच खरखरीचा माग काढण्यासाठी अमेरिकेत एका तरुणाला पगार मिळत होता, हे मला बी. एस्सी.च्या वर्गात प्रथम समजले.

कार्ल जॅन्स्कीचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी ओक्लाहोमातील नॉर्मन गावी झाला. वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक. विस्कॉन्सिन विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून १९२८ साली तो बेल टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीस लागला. मूत्रपिंडाच्या विकाराने प्रकृती तोळामासाच होती.

अटलांटिकपार बिनतारी टेलिफोनमध्ये अडथळा आणणारा आवाज कुठून येतो, हे त्याने शोधायचे होते. न्यू जर्सीतील होमडेल येथे त्याने सुमारे शंभर फूट लांबीचा एरियल उभारला. खाली फोर्ड मोटारीची चार चाके. वीस मिनिटांत एक फेरी. जवळच्या वादळांची खरखर आणि दूरच्या वादळांची खरखर त्याने वेगळी काढली. तरी एक बारीक, अखंड फुसफुस उरलीच.

प्रथम त्याला ती सूर्याकडून येते असे वाटले. पण तो महिनोन्‌महिने नोंदी ठेवीत राहिला, आणि तो आवाज रोज चार मिनिटे आधी येतो असे दिसले. २३ तास ५६ मिनिटे, म्हणजे ताऱ्यांचा दिवस! उगम सूर्याचा नव्हे, धनू राशीच्या दिशेचा, आकाशगंगेच्या मध्याकडचा होता. मला विचाराल तर त्याचे खरे मोठेपण या चार मिनिटांत आहे. आपण प्रयोगवहीत एवढा फरक खुशाल घड्याळाच्या माथी मारतो.

१९३३ साली ही बातमी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. पण टेलिफोन कंपनीला हवे ते उत्तर मिळाले होते. जॅन्स्कीला दुसरी कामे देण्यात आली, शंभर फुटी तबकडीची त्याची योजना कागदावरच राहिली, आणि १४ फेब्रुवारी १९५० रोजी, अवघ्या ४४ व्या वर्षी, तो हृदयविकाराने वारला.

न्यू मेक्सिकोतील २७ तबकड्यांच्या दुर्बिणीला २०१२ मध्ये त्याचे नाव दिले गेले. तिने २०१७ पासून आकाशाची नवी पाहणी सुरू केली, आणि खगोलशास्त्रज्ञ ती जुन्या नकाशांशी ताडून पाहू लागले. एखादा तारा कृष्णविवराच्या फार जवळ गेला की भरती-ओहोटीच्या ओढीने फाटतो. बाहेर फेकलेले द्रव्य काही वर्षे रेडिओलहरी सोडते आणि मंदावते. असाच एक ठिपका, पन्नास कोटी प्रकाशवर्षांवरचा, १९९० च्या दशकातील नकाशात ठळक होता आणि नव्या पाहणीत पार फिकट झालेला सापडला. हे फिकट होणे ज्या एककात मोजतात, त्याचे नावही जॅन्स्कीच. मात्र या ठिपक्यासाठी त्याचे हजारावे भाग घ्यावे लागतात.