राजा स्वेरे आणि कुळाचा दाखला

मनुष्याची योग्यता कुळावरून ठरवावी कीं कृतीवरून, हा वाद केवळ आमच्याच देशांत माजला असें समजणाऱ्यांनीं नॉर्वेच्या स्वेरे राजाचें चरित्र एकवार अवलोकन करावें. फारो बेटांत एका फण्या करणाऱ्याचा मुलगा म्हणून तो वाढला व बिशप असलेल्या चुलत्याजवळ शिकून धर्मोपदेशक झाला. पुढें ११७५ च्या सुमारास आईनें त्यास सांगितलें कीं, तुझा खरा पिता राजा सिगुर्ड होय. सिगुर्ड तर ११५५ सालींच मारला गेला होता. मग विचारावें कोणास? ही हकीकत ज्या चरित्रांत आहे, त्याचा आरंभीचा भाग खुद्द स्वेरेच्या देखरेखीखालीं लिहिला गेला, हेंही वाचकांनीं विसरूं नये.

गादीवरील माग्नुसचा हक्क तरी निर्वेध होता काय? त्याचें राजरक्त आईकडचें. बाप एर्लिंग हा नुसता सरदार. औरस पुत्रासच राज्य मिळावें हा ११६३ चा निर्बंध धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें त्याच्याच सोयीसाठीं झाला होता! दारिद्र्यामुळें पायांस भूर्जाची साल गुंडाळणाऱ्या मूठभर बंडखोरांचें नायकत्व स्वेरेनें ११७७ सालीं पत्करलें. ११७९ मध्यें एर्लिंग पडला. ११८४ मध्यें फिम्राइटेच्या आरमारी लढाईंत माग्नुसही गेला.

राज्य मिळाल्यावर ११८६ सालीं बर्गेन शहरांत दारूपायीं दंगे झाले, तेव्हां या राजानें भर सभेंत मद्यपानाचे अनर्थ सांगितले. गहूं व मध आणणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांचे त्यानें आभार मानले. लोणी व सुकी मासळी नेऊन बदल्यांत मद्य ओतणाऱ्या जर्मनांची मात्र खरडपट्टी काढली. अबकारीच्या उत्पन्नावर डोळा ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांस हें वर्तन विचित्रच वाटेल.

धर्मपीठाशीं त्याचें कधींच जमलें नाहीं. त्यास बहिष्कृत करण्यांत आलें. ११९८ सालीं पोप तिसरा इनोसंट यानें त्याच्या प्रजेचे धर्मविधीही बंद पाडले. ९ मार्च १२०२ रोजीं मरतांना त्यानें आपलें तोंड उघडें ठेवण्यास सांगितलें. शापाची खूण उमटते कीं काय, हें शत्रुमित्रांनीं प्रत्यक्ष पाहावें म्हणून.

आम्हांस खेद वाटतो तो एवढाच कीं, असा कर्तबगार पुरुषही आपला हक्क शेवटपर्यंत बापाच्या नांवावरच सांगत राहिला. त्या काळीं पितृत्व सिद्ध करण्यासाठीं तापलेलें लोखंड हातीं घेण्याचें दिव्य असे. स्वेरेनें तें स्वतः कधीं केलें नाहीं. १२१८ सालीं त्याचा नातू हाकोन याच्या जन्माविषयीं संशय निघाला, तेव्हां तें लोखंड उचलावें लागलें हाकोनच्या आईला, इंगाला.