गांडुळं मोजणारा डार्विन

डार्विन म्हटलं की आपल्याला माकड आणि माणूस आठवतो. मलाही तेवढंच ठाऊक होतं. सॉईल मेकॅनिक्सच्या सबमिशनसाठी लायब्ररीत बसलो असताना मला दुसराच डार्विन भेटला.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १८०९ साली इंग्लंडमधल्या श्रूजबरीत झाला. वडील डॉक्टर. मुलालाही डॉक्टर करायला एडिंबराला धाडलं, पण त्याला शस्त्रक्रिया पाहवेना. शिक्षण अर्धवट सुटलं! १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून जगप्रवास झाला. परतल्यावर मामांनी (पुढे हेच सासरे झाले) आपलं कुरण दाखवलं. काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना कुणी न खणताच काही इंच खाली गेला होता. हे काम गांडुळांचं, असा निबंध डार्विननी १८३७ मध्येच वाचला.

१८४२ साली ते डाऊन गावी राहायला गेले. तिथल्या कुरणात खडूचा चुरा पसरला आणि तब्बल २९ वर्षं वाट पाहिली! १८७१ मध्ये चर खणला, तर पांढरा थर सात इंच खाली. आपल्याला तर प्रॅक्टिकलचं रीडिंग यायला दहा मिनिटं लागली तरी कंटाळा येतो.

घरात कुंड्यांतून गांडुळं पाळली. पियानो वाजवला, गांडुळं ढिम्म! पण कुंडी पियानोवर ठेवताच कंपनांनी बिळात पळाली. मुलगा होरेस इंजिनिअर. गांडुळांमुळे दगड किती खचतो हे मोजायचं उपकरण त्याने बनवलं. १८८१ मध्ये गांडुळांवरचं पुस्तक निघालं आणि पुढच्याच एप्रिलमध्ये डार्विन गेले.

हे वाचून गणपतीच्या सुट्टीत मी आमच्या उसाच्या रानात कुदळ घेऊन गेलो. तिथे हल्ली पाणी मुरत नाही, साचून राहतं. फूटभर लांब, रुंद, खोल असे तीन खड्डे घेतले. एकही गांडूळ नाही. बांधाकडेच्या गवतात तेवढेच तीन घेतले, तिथे अकरा निघाली. तिथलं ढेकूळ पाण्यात टाकलं तर टिकून राहिलं, रानातलं लगेच विरघळलं. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण आप्पा बराच वेळ त्या बादलीकडे बघत उभे होते.

यंदा पाचट जाळायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. पुढच्या गणपतीत मी पुन्हा मोजणार आहे. मित्रांनो, २९ वर्षं नाही, पण एक वर्ष तर थांबता येईल ना?