खडकीचे शहर करणारे मलिक अंबर

राहात्याहून वैजापूरवरून छत्रपती संभाजीनगरला आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. खडकी नावाच्या खेड्यातून ते शहर ज्यांनी उभे केले, त्या मलिक अंबर यांची ओळख शालेय पुस्तकात गनिमी काव्याचे सेनापती एवढ्यावरच संपते. त्यांनी शहर कसे वसविले, हे क्वचितच सांगितले जाते.

त्यांचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. बगदादमधील मालक मीर कासिम याने त्यांना लिहावाचायला व हिशेब ठेवायला शिकविले. पालकांनी एवढे जरूर ध्यानात घ्यावे, की विकत घेतलेल्या मुलालाही त्या माणसाने अक्षर दिले. पुढे ते दख्खनमध्ये आले व अहमदनगरच्या निजामशाहीतील पेशवा चंगीजखान याच्या पदरी राहिले. तोही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाले. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून त्यांनी बुडती निजामशाही सावरली.

१६१० मध्ये त्यांनी खडकीला राजधानी केली. पण नुसते वाडे बांधून शहर होत नाही. खाम नदीचे पाणी वाढत्या वस्तीला पुरणारे नव्हते. तेव्हा हर्सूलकडील डोंगरांतील पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणण्यात आले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधून नळातील हवेला वाट दिली. पुढे पाणी आपल्याच उताराने वाहत मोहल्ल्यामोहल्ल्यांतील हौदांत पडे. ना मोट, ना बैल! ही नहर-ए-अंबरी शहराने विसाव्या शतकापर्यंत वापरली. (पाणचक्की पाहायला गेलात तर घोटाळा करू नका, ती फार पुढची, अठराव्या शतकातील.) निजामशाहीच्या काळात अहमदनगरलाही आसपासच्या गावांतून नळांनी पाणी येत असे. तेथे उमेदीची वर्षे घालविलेल्या अंबर यांनी ते पाहिले असणारच.

शहर वसते न वसते तोच १६१६ मध्ये मोगल फौजांनी ते जाळले. अंबर यांनी ते पुन्हा उभे केले. १६२१ मध्ये मोगलांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केले. आणखी वीस वर्षांतही खडकीला पहिले रूप येणार नाही, असा मोगल दरबाराचा अंदाज होता. तो साफ चुकला. घरांची राख झाली, तरी जमिनीखालचे नळ जळत नाहीत. पाणी होते म्हणूनच माणसे परतली असावीत, असे मला वाटते. शिवाय ही वस्ती एकाच जमातीची नव्हती. अंबर यांच्या पदरी हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे सरदारही होते. १६२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील भातवडीला मोगल व विजापूरकरांच्या संयुक्त फौजेचा त्यांनी पराभव केला, तेव्हा शहाजीराजे त्यांच्या बाजूने लढले.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारले. त्यांचा मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेहनगर नाव दिले. १६५३ मध्ये ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. अंबर यांची कबर खुलदाबादला आहे. शाळेची सहल वेरूळला निघाली, तर ती वाटेवरच लागते.