जोडीचा खेळाडू : सर जॉर्ज थॉमस

बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्यांत फूल पुष्कळदां दोघां जोडीदारांच्या अगदीं मधोमध येऊन पडतें. तें कोणीं मारावयाचें, ह्याचा निर्णय निमिषार्धांत व्हावा लागतो. दोघेही एकमेकांकडे पाहत उभे राहिले, तर गुण प्रतिपक्षास मिळतो, आणि मग दोष कोणाचा ह्यावर वाद माजतो. म्हणूनच कीं काय, सामन्यांचे दिवस आले म्हणजे मुलांस एकेरीचा मोह अधिक पडतो, असें आम्ही नेहमीं पाहतों. एकेरींत कीर्ति सारी आपली. दुहेरींत ती वांटून घ्यावी लागते. ज्यांनीं ती आयुष्यभर आनंदानें वांटून घेतली, अशा एका थोर खेळाडूचें चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

सर जॉर्ज ॲलन थॉमस ह्यांचा जन्म १४ जून १८८१ रोजीं कॉन्स्टँटिनोपलजवळ थेरापिया येथें एका इंग्रज सरदार घराण्यांत झाला. त्यांच्या मातोश्री लेडी एडिथ ह्या बुद्धिबळांत निपुण असून, हेस्टिंग्ज येथें १८९५ सालीं भरलेल्या स्त्रियांच्या सामन्यांत त्या पहिल्या आल्या होत्या. पुढें जॉर्ज ह्यांस बॅरोनेट ही पदवी वंशपरंपरेनें प्राप्त झाली. अशा घरच्या मुलास आळसांत दिवस घालविणें कठीण नव्हतें. परंतु त्यांनीं आपला काळ खेळांच्या अभ्यासांत वेंचिला.

इंग्लंडांत १८९९ सालीं सुरू झालेल्या ऑल इंग्लंड स्पर्धेचा मान बॅडमिंटनमध्यें फार मोठा आहे. १९०३ सालीं, एकवीस वर्षांचे असतां, थॉमस ह्यांनीं एथेल थॉमसन ह्या बाईंबरोबर तेथें मिश्र दुहेरीचें अजिंक्यपद मिळविलें. ह्याच बाई १९१२ सालीं विम्बल्डन येथें टेनिसच्या विजेत्या ठरल्या. १९०६ पासून पुरुषांच्या दुहेरींतही थॉमस ह्यांचें नांव झळकूं लागलें. हेन्री मॅरेट ह्यांच्यासह चार वेळां, फ्रँक चेस्टरटन ह्यांच्यासह दोन वेळां आणि फ्रँक हॉज ह्यांच्यासह तीन वेळां, असें एकंदर नऊ वेळां त्यांनीं तें पद जिंकिलें. मिश्र दुहेरींत ते आठ वेळां विजयी झाले. त्यांपैकीं चार वेळां हेझल हॉगार्थ ह्या त्यांच्या जोडीदार होत्या. जोडीदार बदलत गेले, तरी यश बदललें नाहीं. ह्याचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, सोबत्याची चाल ओळखून आपली जागा केव्हां धरावी व केव्हां सोडावी, हें त्यांस पुरतें साधलें होतें.

पहिल्या महायुद्धामुळें १९१५ पासून १९१९ पर्यंत ती स्पर्धा भरलीच नाहीं. थॉमस ह्यांच्या उमेदीचीं वर्षें अशीं हातचीं गेलीं. १९२० सालीं खेळ पुनः सुरू झाला, तेव्हां ते अडतीस वर्षांचे होते. ह्या वयांत बहुतेक खेळाडू रॅकेट खुंटीस टांगतात. थॉमस ह्यांनीं त्याच वर्षीं एकेरीचें अजिंक्यपद प्रथम मिळविलें आणि १९२३ पर्यंत लागोपाठ चार वर्षें तें राखिलें. त्यापूर्वीं अकरा अजिंक्यपदें त्यांनीं जोडीदारांसह जिंकिलीं होतीं. त्यांचा शेवटचा विजय १९२८ सालचा, वयाच्या ४६ वर्षांचा, तोही दुहेरींतलाच. एकंदर २१ अजिंक्यपदांपैकीं १७ वांटून घेतलेलीं व एकट्याचीं अवघीं चार, असा हा हिशेब आहे.

एकट्यानें झुंजण्याचें बळ नव्हतें म्हणून ते जोडीनें खेळले, असें मात्र कोणीं समजूं नये. बुद्धिबळाच्या पटापुढें मनुष्य एकटाच बसतो. तेथेंही ते १९२३ व १९३४ सालीं ब्रिटनचे अजिंक्य खेळाडू झाले. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेंत तर त्यांनीं माजी जगज्जेते कापाब्लांका आणि पुढें जगज्जेते झालेले बोटविनिक ह्या दोघांसही हरविलें.

१९३४ सालीं नऊ देशांच्या संघटनांनीं मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघ स्थापिला, तेव्हां सर जॉर्ज त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५५ पर्यंत त्यांनीं तो भार वाहिला. १९३९ सालीं त्यांनीं ह्या संघास एक करंडक अर्पण केला. तो कोणा एका खेळाडूसाठीं नव्हता. साऱ्या संघानें मिळून जिंकावा असा होता. तोंच दुसरें महायुद्ध पेटलें आणि करंडक तसाच राहिला. अखेर १९४९ सालीं प्रेस्टन येथें पहिला अंतिम सामना झाला व मलायानें डेन्मार्कला ८-१ असें हरविलें. देणाऱ्याच्या इंग्लंडास तो करंडक आजवर एकदांही मिळालेला नाहीं. परंतु देणगी देतांना ती आपल्याच घरीं परत यावी, अशी अट त्यांनीं घातली नव्हती.

ह्या खेळाचा आमच्या पुण्याशींही जुना संबंध आहे. १८७० नंतरच्या दशकांत तेथील इंग्रज लष्करी अधिकारी तो खेळत व त्यावरून त्यास पूना असेंही म्हणत. १५ मे २०२२ रोजीं बँकॉक येथें भारतानें चौदा वेळांच्या विजेत्या इंडोनेशियास ३-० असें हरवून थॉमस करंडक प्रथमच जिंकिला. त्या दिवशीं मुंबईचे चिराग शेट्टी व आंध्राचे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी दुहेरीचा पहिला डाव हरले. दुसऱ्या डावांतही पराभवाच्या अगदीं कडेवर उभे होते. तरी एकमेकांस दोष न देतां ते खेळत राहिले आणि सामना जिंकून उठले. तो विजय पाहावयास सर जॉर्ज नव्हते.

सर जॉर्ज २३ जुलै १९७२ रोजीं निवर्तले. ते अविवाहित होते, म्हणून घराण्याची पदवी त्यांच्याबरोबरच संपली. वंशानें मिळालेलें गेलें; सर्वांस दिलेलें मात्र उरलें. विद्यार्थिमित्रहो, ईश्वरानें प्रत्येकास गुण दिले आहेत. पण त्यांचें चीज पुष्कळदां शेजारी उभा असलेल्या सोबत्यामुळेंच होतें. पुढच्या खेपेस फूल दोघांच्या मधोमध पडलें, तर आधीं तें उचला, सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवा, आणि मग पुढचा डाव खेळा.